कुत्री मारण्याचा नको, लसीकरणाचा ठराव करा: नगरसेवक आणि सरपंचांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व नगराध्यक्ष, नगरसेवक, सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य

स. न. वि. वि.

भटक्या कुत्र्यांचा विषय सभेत निघाला की आवाज चढतात. ते का चढतात हे मला कळतं. कुणाच्या पोराच्या पोटरीचा लचका तुटलेला असतो, कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना पहाटे दूध आणायला जाताना पाच-सहा कुत्र्यांनी घेरलेलं असतं, कुणी दुचाकीवरून पडून हात मोडून घेतलेला असतो. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ साली देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या सर्वाधिक, म्हणजे पावणेपाच लाखांच्या वर, एकट्या महाराष्ट्रातल्या आहेत. ही माणसं तुमच्या दारात येतात. त्यांना उत्तर हवं असतं आणि ते लगेच हवं असतं. मग त्या रेट्यात कुणीतरी म्हणतं, एकदा सगळी कुत्री संपवून टाका. कुठे चिकन सेंटरच्या कचऱ्यात विष कालवलं जातं, कुठे रात्री टेम्पोत भरून कुत्री दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडली जातात, आणि पुढच्या सभेत विषय निकाली निघाल्याचं सांगितलं जातं.

विषय निकाली निघत नाही, हे सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मी पशुवैद्यक आहे. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाले, सावंतवाडी तालुक्यात राहते. माझं कुत्र्यांवर प्रेम आहे आणि ते लपवण्याचं मला कारण नाही. विष खाऊन तडफडणारं जनावर ज्याने जवळून पाहिलंय, त्याला त्या मरणाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. पण माझा मुद्दा दयेपाशी थांबत नाही. कुत्री मारून रेबीज आटोक्यात येत नाही, उलट त्याला वाट मोकळी होते. जगभर हे करून झालं आहे, आणि त्याचे निकालही आपल्यासमोर आहेत.

आधी रोग कसा चालतो ते पाहू. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत जातो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा तीन आठवडे ते तीन महिने जातात, कधी त्याहूनही जास्त. त्या काळात कुत्रं अगदी ठणठणीत दिसतं. लक्षणं सुरू झाली की मात्र ते साधारण दहा दिवसांत मरतं. माणसाचंही तेच: एकदा पाण्याची भीती, घशाचे आचके सुरू झाले की वैद्यकशास्त्राच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. भारतात दरवर्षी रेबीजने किती माणसं मरतात यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज १८ ते २० हजारांचा होता, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अलीकडच्या पाहणीतून ५,७२६ हा आकडा आला. कमी आकडा खरा धरला तरी रोज पंधरा माणसं होतात. त्यांतला प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो. जगभरातल्या अशा बळींमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे.

आता असं बघा. पिसाळलेलं एक कुत्रं मरण्यापूर्वी सरासरी किती कुत्र्यांना रोग देतं? वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून आलेलं उत्तर दोनाहून कमी आहे. वस्तीत कुत्री दाट असोत की विरळ, हा आकडा फारसा हलत नाही, कारण पिसाळलेलं कुत्रं दिसेल त्याला चावत मैलोन्‌मैल भरकटतं. म्हणून शंभरातली तीस कुत्री मारली तरी रोगाची साखळी तशीच राहते. पण शंभरातल्या सत्तरांना लस टोचली, तर रोग जिथे जाईल तिथे त्याला बहुधा लस घेतलेलंच कुत्रं भेटतं आणि साखळी तिथेच तुटते. सत्तर टक्क्यांचा हा हिशेब वर्षभरातले जन्म-मृत्यू धरून केलेला आहे. दर वर्षी एकदा मोहीम केली की तो पुरतो.

विष घातल्यावर नेमकं काय होतं? बिस्किटाला जवळ येणारी, माणसाळलेली, अंगाला हात लावू देणारी कुत्री आधी मरतात. लस टोचणं ज्यांना सोपं गेलं होतं, तीच ही कुत्री. बुजरी, लांबून भुंकणारी, कधीच लस न मिळालेली मागे राहतात. गल्लीतला उकिरडा तसाच असतो, त्यामुळे शेजारच्या टापूतली कुत्री महिन्या-दोन महिन्यांत तिथे येतात, जागेवरून भांडतात, एकमेकांना चावतात. भाद्रपद गेला की दोन महिन्यांत पिल्लं येतातच, आणि अन्नाचे वाटेकरी कमी झालेले असल्यामुळे त्यांतली जास्त जगतात. वर्षभराने कुत्र्यांची संख्या होती तिथे आलेली असते, पण टोचलेलं एकही उरलेलं नसतं. पैसे खर्च करून आपणच आपली तटबंदी पाडलेली असते. टेम्पोतून दुसऱ्या गावात सोडणं तर त्याहून वाईट. अंगात रोग दबा धरून बसलेलं एखादं कुत्रं त्यात असेल, तर आपण तो रोग स्वतःच्या खर्चाने शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवला.

हा उपाय आपल्याकडे नवा नाही. मुंबईत १८१३ पासून उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याची पद्धत होती. १८३२ साली मारण्याची मुदत वाढवली, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं, आणि पैशासाठी घरातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. जूनमध्ये फोर्टमधले पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या छावणीचं रोजचं सामान अडलं. पुढे विसाव्या शतकातही मुंबईत कुत्री मारण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. इतकं मारूनही ना कुत्री संपली, ना रेबीज.

इंडोनेशियाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. फ्लोरेस बेटावर रेबीज मुळात नव्हता. १९९७ मध्ये मच्छीमारांच्या बोटीतून आलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला. तिथल्या सरकारने कुत्री मारण्याचा सपाटा लावला, लाखांनी मारली, आणि रोग बेटभर पसरून मुक्कामाला राहिला. २००८ मध्ये बालीत तेच सुरू झालं. रोग दिसताच स्ट्रिक्निनचं विष आणि कत्तल. लोक आपली कुत्री वाचवायला दुसऱ्या गावी नेऊन ठेवू लागले, मेलेल्यांच्या जागी बाहेरून नवी आणू लागले, लस घेतलेलीही मारली गेली. दोन-तीन वर्षांत रोग सगळ्या बेटावर पोचला आणि शंभराहून अधिक माणसं मेली. मग २०१०च्या शेवटी बेटभर लसीकरणाची मोहीम निघाली. जाळ्या घेऊन पथकं गावोगाव फिरली, दोन लाखांहून अधिक कुत्र्यांना लस दिली, आणि पुढच्याच वर्षी माणसांचे मृत्यू झपाट्याने खाली आले. लसीकरणात ढिलाई झाली तेव्हा तिथे रोगाने पुन्हा डोकं वर काढलं. मोहीम दरवर्षी करावीच लागते, हा त्याचा दुसरा धडा.

हा प्रश्न कुत्र्यांपुरताही नाही. इंग्लंडमध्ये गाईंच्या क्षयरोगावरून बॅजर नावाचा प्राणी अनेक दशकं मारला जातो आहे. पाणमांजराच्या कुळातला, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा हा निशाचर प्राणी. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशरमध्ये एक बॅजर या क्षयरोगाने मेलेला सापडला आणि तेव्हापासून गोठ्यातल्या रोगाचा दोष त्याच्यावर येत गेला. आधी बिळांत विषारी वायू सोडून मारलं. मग १९९८ ते २००५ या काळात सरकारनेच एक मोठा शास्त्रीय प्रयोग केला. शंभर शंभर चौरस किलोमीटरचे तीस टापू घेतले. काही टापूंत सरसकट मारायचं, काहींत गाईंना रोग झाला की तेवढ्यापुरतं मारायचं, काहींत अजिबात हात लावायचा नाही. जवळजवळ ११ हजार बॅजर मारले गेले. तेवढ्यापुरतं मारण्याच्या टापूंत गाईंमधला रोग कमी होण्याऐवजी वाढला, म्हणून तो भाग २००३ मध्येच थांबवावा लागला. सरसकट मारलेल्या टापूंत रोग थोडा घटला, पण त्यांच्या कडेच्या पट्ट्यात वाढला. कारण तेच, जे आपल्या गल्लीतलं. कळप मोडला की उरलेले प्राणी आपली हद्द सोडून भटकतात आणि रोग लांबवर नेतात. जॉन बोर्न यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने २००७ मध्ये लिहून दिलं की बॅजर मारून गाईंचा क्षयरोग आटोक्यात आणण्याला अर्थपूर्ण हातभार लागणार नाही.

तरीही राजकारणाने २०१३ मध्ये पुन्हा बंदुका काढल्या. त्यानंतर दोन लाखांहून अधिक बॅजर मेले. काही अभ्यासांत मारलेल्या भागांत रोग घटल्याचं दिसलं, हेही मी लपवणार नाही. पण त्याच काळात त्याच भागांत गाईंच्या तपासण्याही कडक झाल्या होत्या, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं हे त्या अभ्यासांना सांगता आलेलं नाही. याउलट कॉर्नवॉलमध्ये शेतकऱ्यांनीच पुढाकार घेऊन चार वर्षं बॅजरांना पिंजऱ्यात शेंगदाणे ठेवून पकडलं, लस टोचली आणि सोडून दिलं. सुरुवातीला सोळा टक्के बॅजरांची तपासणी रोग दाखवत होती, शेवटी एकाचीही नाही. नमुना छोटा आहे, पण दिशा स्पष्ट आहे. ती लस म्हणजे बीसीजी, तुमच्या-माझ्या डाव्या दंडावर जिची खूण आहे तीच. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने ही कत्तल चालू संसदेची मुदत संपण्यापूर्वी थांबवून लसीकरणाकडे वळण्याचं जाहीर केलं. तिथल्या सरकारला हे स्वीकारायला किती वर्षं आणि किती जीव लागले! आपल्याला तेवढी किंमत मोजायची गरज नाही, कारण निकाल आपल्या शेजारी तयार आहे.

पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. तिथे २०१३ पासून मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारबरोबर काम सुरू केलं. पद्धत साधी आहे, पण ती नेटाने राबवली. पाळलेल्या कुत्र्यांना दारात जाऊन लस दिली. हाती न येणाऱ्यांना जाळीवाल्या पथकाने पकडलं, टोचलं, डोक्यावर रंगाची खूण केली आणि तिथल्या तिथे सोडलं. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवरच्या नकाशावर झाली, त्यामुळे कोणता वाडा राहिला, कोणती गल्ली सुटली हे त्याच संध्याकाळी कळायचं. शाळाशाळांत जाऊन वर्षाला दीड लाख मुलांना कुत्र्यापाशी कसं वागायचं आणि चावल्यावर काय करायचं ते शिकवलं. एका टप्प्यावर वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस मिळू लागली आणि सत्तर टक्क्यांचा पल्ला गाठला गेला. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला होता आणि माणसांचे मृत्यू थांबले होते. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. यासाठी गोव्याने कुत्री मारली नाहीत. सगळ्यांची नसबंदी पुरी होईपर्यंतही ते थांबले नाहीत, आणि ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

कारण आपण नेमके तिथेच अडतो. निर्बीजीकरणाचं टेंडर, शस्त्रक्रियागृह, पिंजरे, ठेकेदाराची बिलं यांत वर्षं जातात आणि तोवर लसही मिळत नाही. निर्बीजीकरण हवंच. जयपूरला नव्वदच्या दशकापासून चाललेल्या कामात कुत्र्यांची संख्या हळूहळू घटली आणि चावेही कमी झाले, कारण पिल्लं असलेली कुत्री जास्त अंगावर येते. पण ते काम सावकाश फळतं. लस मात्र काही आठवड्यांत संरक्षण देते, तिला शस्त्रक्रियागृह लागत नाही, दोन ते आठ अंशांची शीतसाखळी आणि शिकवलेले हात पुरतात. दोन्ही कामं एकमेकांत बांधून ठेवू नका.

आणि महाराष्ट्राला हे जमणार नाही असं कृपा करून म्हणू नका. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा काय झालं ते आठवा. पशुधन पर्यवेक्षक, पट्टीबंधक, खाजगी डॉक्टर, पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी, सगळे रस्त्यावर उतरले आणि काही आठवड्यांत राज्यातल्या बहुतेक गाई-बैलांना गोटपॉक्सची लस टोचून झाली. २०१९च्या पशुगणनेत आपल्याकडे गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख होते, भटकी कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात. त्यांतली सत्तर टक्के म्हणजे नऊ लाख. पाळीव कुत्री धरली तरी लम्पीच्या मानाने हे काम लहान आहे. लम्पीच्या वेळी गाई मारून टाका असं कुणीही सुचवलं नाही, आणि ते योग्यच होतं. लाळ्या-खुरकुताची लस गोठ्यागोठ्यात नेणारं खातं आपलंच आहे. ते खातं कुत्र्यांकडे वळवायला लागतो तो तुमचा ठराव, थोडा निधी आणि एक तारीख.

कायद्याचंही ऐका. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमानुसार प्राण्याला विष घालून मारणं गुन्हा आहे. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेचीच जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आपला आधीचा आदेश बदलून सांगितलं की लस आणि नसबंदी झालेली कुत्री पकडली त्याच भागात सोडावीत, पिसाळलेली किंवा आक्रमक सोडून. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्थानकं यांच्या आवारातून ती हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. मुलांच्या सुरक्षिततेची ती काळजी मला मान्य आहे. पण ज्या नगरपरिषदेकडे निवाराच नाही, तिने या आदेशाच्या आडून विषाची पुडी काढू नये.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. लस घेतलेलं कुत्रंही चावतं. लसीने चाव्यातलं मरण जातं, चावा जात नाही. चावे कमी करायचे तर उघड्यावरचा कचरा बंद करावा लागेल, विशेषतः मांस-मच्छीचा. बाजाराच्या मागे जो ढीग साठतो त्यावरच टोळी पोसली जाते. मेलेली जनावरं गावाबाहेर उघडी टाकण्याचा प्रश्नही त्यातलाच. पूर्वी ती गिधाडं फस्त करायची. आपण गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती मेली, २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद होईपर्यंत फार उशीर झाला होता, आणि त्यांच्या वाटणीचं अन्न कुत्र्यांना मिळालं. जे कुत्रं वारंवार अंगावर येतं त्याला तपासणीसाठी उचलायला, पिसाळल्याची लक्षणं असतील तर वेगळं ठेवायला माझी काहीही हरकत नाही. सरसकट मारण्याला आहे. ज्या आईच्या लेकराला कुत्रं चावलंय तिला मी हे तोंडावर सांगू शकते, कारण तिचं पुढचं लेकरू वाचावं म्हणूनच मी हे मागते आहे.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या सर्वसाधारण सभेत किंवा ग्रामसभेत श्वान लसीकरणाचा ठराव घ्या आणि त्यात वर्षातून एकदा, दरवर्षी, असं स्पष्ट लिहा. मोहीम पाऊस ओसरल्यावर ठेवा, म्हणजे जाळीवाल्यांना फिरता येतं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे, तिथून सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत तालुका होतो. भाद्रपदानंतर जन्मलेली पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांच्यासाठी माघात एक छोटी फेरी घ्या. निधी जिल्हा नियोजन समितीकडे मागा. कुत्र्याच्या एका डोसला जो खर्च येतो, तो चावलेल्या माणसाच्या पूर्ण उपचाराच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. खूण केलेली आणि न केलेली कुत्री मोहिमेनंतर गल्लीगल्लीत मोजा आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. सत्तरच्या खाली असेल तर पथक पुन्हा पाठवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस आणि सीरम (जखमेत टोचायची तयार प्रतिद्रव्यं) शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारा. चावल्यावर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना लावायचा नाही, हे आशाताईंकडून घरोघर पोचवा.

सीमेवरच्या गावांना माझी वेगळी विनंती आहे. बांदा, दोडामार्ग, आरोंदा, सातार्डा या पट्ट्यातली कुत्री रोज इकडून तिकडे जातात. पलीकडे इतक्या कष्टाने उभं केलेलं काम आपल्या बाजूच्या ढिलाईने खचू नये. गोव्याच्या पथकांशी एकाच वेळी तारीख ठरवा.

आमच्या भागातल्या ज्या ग्रामपंचायतीला लस टोचणारे हात कमी पडत असतील, तिने मला कळवावं. मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी मानधनाशिवाय येऊ. जाळी धरायला गावातली चार पोरं आणि लस ठेवायला एक चालू फ्रिज तेवढा तयार ठेवा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
सावंतवाडी तालुका, जि. सिंधुदुर्ग